राष्ट्राध्यक्षांची निवडणूक चालते कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडणूक जवळ आली की चर्चा उमेदवारांची होते, नियमांची फारशी होत नाही. पण कोण कुठे सभा घेणार, कोण कोणाशी जुळवून घेणार, कोणत्या भागाकडे कोणी ढुंकूनही बघणार नाही, हे बहुतेक वेळा मतं मोजायच्या पद्धतीवरून ठरतं. खालची उत्तरं वाचताना तेवढं ध्यानात ठेवा.

राष्ट्राध्यक्षाला मत कोण देतं, जनता की लोकप्रतिनिधी?

दोन्ही प्रकार आहेत. ब्राझील, मेक्सिको, केनिया, इंडोनेशिया, दक्षिण कोरिया अशा देशांत राष्ट्राध्यक्ष स्वतः सरकार चालवतो आणि तिथे जनता थेट मत देते. भारत, जर्मनी, इटलीत कारभार पंतप्रधान किंवा चॅन्सेलरकडे असतो. तिथे राष्ट्रप्रमुखाची निवड लोकप्रतिनिधी करतात. पण हे काही पक्कं समीकरण नाही. आयर्लंड आणि ऑस्ट्रियात राष्ट्राध्यक्षाच्या हाती रोजचा कारभार नसतो, तरी मतदान थेट होतं. फ्रान्समध्ये पंतप्रधान असूनही 1962 च्या सार्वमतापासून राष्ट्राध्यक्ष लोकांतून निवडला जातो आणि वजन त्याचंच जास्त. अमेरिकेची तऱ्हा वेगळीच आहे, तिच्याकडे पुढे येऊ.

भारताच्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत प्रचाराचा धुरळा का उडत नाही?

कारण मतदार पाच हजारांच्याही आत असतात. लोकसभा-राज्यसभेचे निवडून आलेले खासदार, राज्यांचे आमदार आणि दिल्ली व पुदुच्चेरीचे आमदार, बस्स. नामनियुक्त सदस्यांना मत नसतं, विधान परिषदेच्या आमदारांनाही नसतं.

गंमत मताच्या मूल्यात आहे. राज्याच्या 1971 च्या लोकसंख्येला विधानसभेच्या एकूण जागांनी भागायचं आणि आलेल्या आकड्याला पुन्हा हजारने. महाराष्ट्राची तेव्हाची लोकसंख्या 5 कोटी 4 लाखांच्या आसपास होती आणि जागा 288, म्हणून एका आमदाराच्या मताचं मूल्य 175. उत्तर प्रदेशात ते 208 येतं, सिक्कीममध्ये 7. सगळ्या आमदारांच्या मतमूल्यांची बेरीज खासदारांच्या संख्येने भागली की खासदाराचं मूल्य मिळतं. 2022 मध्ये ते 700 होतं. पन्नास वर्षांपूर्वीची लोकसंख्या अजून का धरतात, तर लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांचं वजन घटू नये म्हणून.

मतपत्रिकेवर पसंतीचे आकडे लिहायचे असतात, तेही आयोगाने दिलेल्या खास जांभळ्या शाईच्या पेनानेच. चुका तरीही होतात; 2022 मध्ये 15 खासदारांची मतं बाद ठरली. कायदे करणाऱ्यांची मतं बाद व्हावीत, यावर वेगळं भाष्य नको.

या निवडणुकीत पक्षादेश, म्हणजे व्हिप, काढता येत नाही. त्यामुळे उमेदवार राज्याराज्यांत जाऊन आमदार-खासदारांना भेटतो आणि प्रचार तेवढाच असतो. पण फाटाफूट होते. 2007 मध्ये शिवसेना भाजपच्या आघाडीत असूनही मराठी उमेदवार म्हणून प्रतिभा पाटील यांच्या बाजूने गेली. सर्वांत गाजलेली फूट मात्र 1969 ची. इंदिरा गांधींनी सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत देण्याचं आवाहन केलं, काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी पडले आणि व्ही. व्ही. गिरी निवडून आले. पहिल्या पसंतीच्या मतांत गिरींचा कोटा, म्हणजे जिंकायला लागणारं निम्म्याहून जास्त मतमूल्य, पूर्ण झाला नव्हता, दुसऱ्या पसंतीची मतं मोजावी लागली. त्या लढतीत तिसऱ्या क्रमांकावर चिंतामणराव देशमुख होते.

ज्याला सर्वांत जास्त मतं तो जिंकला, एवढं साधं का ठेवत नाहीत?

काही देश ठेवतात. मेक्सिको, फिलिपिन्स आणि दक्षिण कोरियात एकच फेरी होते, पुढे असेल तो विजयी. उमेदवार दोन असले तर प्रश्न नाही. गर्दी झाली की पंचाईत. फिलिपिन्समध्ये 1992 साली फिदेल रामोस सुमारे 23.6 टक्के मतांवर राष्ट्राध्यक्ष झाले. म्हणजे चारांतल्या तिघांनी दुसऱ्या कोणाला तरी मत दिलं होतं. दक्षिण कोरियाचं 1987 चं उदाहरण जास्त बोचरं आहे. लष्करी राजवटीविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, थेट निवडणूक मिळवली आणि मग विरोधकांचे दोन मोठे नेते, किम यंग-सॅम आणि किम डे-जंग, दोघेही उभे राहिले. मतं फुटली आणि लष्करी राजवटीच्याच गोटातले रोह ते-वू 36.6 टक्क्यांवर निवडून आले. पुढे दोन्ही किम राष्ट्राध्यक्ष झाले, पण एकेक करून, बऱ्याच वर्षांनी.

मग दोन फेऱ्यांची पद्धत कशी चालते?

पहिल्या फेरीत कोणालाही निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांत पुन्हा लढत. फ्रान्समध्ये ती दोन आठवड्यांनी होते. पहिल्या फेरीत मनातला उमेदवार निवडायचा आणि दुसरीत नको असलेला पाडायचा, असं लोक तिथे गमतीने म्हणतात.

मतविभागणीचा धोका यात कमी होतो, संपत नाही. 2002 मध्ये फ्रान्समध्ये तब्बल 16 उमेदवार होते. डाव्यांची मतं इतकी विखुरली की पंतप्रधान लिओनेल जोस्पँ 16.18 टक्क्यांवर अडकले, अतिउजवे ज्याँ-मारी ल पेन 16.86 टक्क्यांवर दुसऱ्या फेरीत पोहोचले. दुसऱ्या फेरीत डाव्या मतदारांनी नाक मुठीत धरून जॅक शिराक यांना मत दिलं. पहिल्या फेरीत 19.88 टक्के मिळवणारे शिराक 82 टक्क्यांनी जिंकले. त्या 82 टक्क्यांना जनादेश म्हणायचं का, हा वाद वाजवी आहे. माझ्या मते नाही.

अर्जेंटिनाने मधली वाट काढली आहे. 45 टक्के मिळाले, किंवा 40 टक्के मिळून दुसऱ्यावर 10 टक्क्यांची आघाडी असली, तर दुसरी फेरी नाही.

पसंतीक्रमाने मत देणं अवघड नाही का?

मतदाराला नाही, मोजणाऱ्याला थोडं. आवडीप्रमाणे 1, 2, 3 लिहायचं. आयर्लंडमध्ये 1990 साली पहिल्या मोजणीत ब्रायन लेनिहान सुमारे 44 टक्क्यांवर पुढे होते, मेरी रॉबिन्सन 39 च्या आसपास. तिसरे उमेदवार ऑस्टिन करी बाद झाले, त्यांची मतं पुढच्या पसंतीप्रमाणे वाटली आणि त्यातली बहुतेक रॉबिन्सन यांच्याकडे गेली. त्या देशाच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष झाल्या. श्रीलंकेत ही सोय कित्येक वर्षं नुसती कागदावर होती. 2024 मध्ये कोणालाच निम्मी मतं मिळाली नाहीत, तेव्हा पहिल्यांदा पुढच्या पसंत्या मोजल्या गेल्या आणि अनुरा कुमारा दिसानायके विजयी ठरले.

अशा ठिकाणी प्रतिस्पर्ध्यावर तुटून पडणं महागात पडतं, कारण त्याच्या मतदाराची दुसरी पसंती तुम्हाला हवी असते.

काही देशांत बहुमताशिवाय आणखी अटी असतात, त्या कशासाठी?

एकाच जमातीच्या किंवा एकाच भागाच्या जोरावर कोणी राष्ट्राध्यक्ष होऊ नये म्हणून. नायजेरियात दोन तृतीयांश राज्यांत किमान 25 टक्के मतं लागतात. केनियात निम्म्याहून जास्त मतांबरोबर 47 पैकी किमान 24 काउंटींत (जिल्ह्यासारख्या विभागांत) 25 टक्के. इंडोनेशियात निम्म्याहून जास्त प्रांतांत किमान 20 टक्के. त्यामुळे ज्या भागात जिंकण्याची आशा नाही, तिथेही उमेदवाराला सभा घ्यावी लागते आणि उपाध्यक्षपदाचा जोडीदार दुसऱ्या प्रदेशातला शोधावा लागतो.

अमेरिकेत जास्त मतं मिळवणारा हरतो, ते कसं?

मतदार ज्यांना निवडतात ते खरं तर निर्वाचक, म्हणजे राष्ट्राध्यक्षाला प्रत्यक्ष मत देणारे प्रतिनिधी असतात, एकूण 538. संसदेच्या दोन सभागृहांतल्या जागांइतके, म्हणजे प्रतिनिधिगृहाचे 435 आणि सिनेटचे 100, शिवाय राजधानी वॉशिंग्टनचे 3, असा हिशेब. जिंकायला 270 लागतात. कॅलिफोर्नियाकडे 54, टेक्सासकडे 40, वायोमिंगकडे 3. मेन आणि नेब्रास्का सोडली तर प्रत्येक राज्यात पुढे असलेल्याला त्या राज्याचे सगळे निर्वाचक मिळतात, मग आघाडी एका मताची असो की पन्नास लाखांची.

2020 मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांना टेक्सासपेक्षा कॅलिफोर्नियात जास्त मतं मिळाली, 60 लाखांहून थोडी अधिक. टेक्सास त्यांनी जिंकलं, तिथले सगळे निर्वाचक मिळाले. कॅलिफोर्निया हरले, म्हणून त्या 60 लाख मतांतून एकही निर्वाचक हाती आला नाही. अशी मतं दोन्ही बाजूंची वाया जातात, पण सारखीच जातील याची हमी नसते. 2016 मध्ये हिलरी क्लिंटन यांना देशभरात सुमारे 28 लाख 70 हजार मतं जास्त पडली, तरी त्या हरल्या. 1824, 1876, 1888 आणि 2000 मध्येही असंच झालं. 2000 साली तर सगळा निकाल फ्लोरिडावर येऊन थांबला. सुमारे 60 लाख मतांत 537 चा फरक, फेरमोजणी आणि शेवटी सर्वोच्च न्यायालय. तिथे राल्फ नेडर या तिसऱ्या उमेदवाराने सुमारे 97 हजार मतं घेतली होती.

प्रचारावर याचा परिणाम उघड दिसतो. 2024 मध्ये दोन्ही बाजूंचा पैसा आणि वेळ मुख्यतः सात राज्यांत ओतला गेला: पेन्सिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना, ॲरिझोना आणि नेव्हाडा. पेन्सिल्व्हेनियाच्या मतदाराला जाहिराती पाहून वीट येतो आणि कॅलिफोर्नियाच्या मतदाराकडे उमेदवार येतो तो देणगी मागायला. ही पद्धत बदलली पाहिजे असं मला वाटतं, पण त्यासाठी घटनादुरुस्ती हवी, तीन चतुर्थांश राज्यांची संमती हवी आणि ज्यांना या पद्धतीचा फायदा होतो ती राज्यं ती कशाला देतील?

आणि 270 कोणालाच मिळाले नाहीत तर?

निवड प्रतिनिधिगृह करतं, पण तिथे प्रत्येक राज्याला एकच मत. वायोमिंग आणि कॅलिफोर्निया एका पंगतीला. जिंकायला 26 राज्यं लागतात. 1824 मध्ये अँड्र्यू जॅक्सन निर्वाचकांत आघाडीवर होते, तरी प्रतिनिधिगृहाने जॉन क्विन्सी ॲडम्स यांना निवडलं.

उमेदवार होण्यासाठी काय लागतं?

वयाची अट भारत, अमेरिका, आयर्लंडमध्ये 35 वर्षं. फ्रान्समध्ये 18 पुरेशी. जन्म आणि नागरिकत्वाच्या अटी देशागणिक वेगळ्या. याशिवाय हौशी उमेदवार रोखायला चाळण्या असतात. भारतात 50 सूचक, 50 अनुमोदक आणि 15 हजार रुपये अनामत. फ्रान्समध्ये देशभरातल्या 500 लोकप्रतिनिधींच्या सह्या, त्याही किमान 30 विभागांतल्या. गावोगावच्या महापौरांचे उंबरठे झिजवण्यात छोट्या पक्षांचे महिने जातात.

अटी सत्ताधाऱ्यांच्या सोयीने वाकवल्या जातात का, यावर डोळा ठेवावा. इंडोनेशियात 40 वर्षांची अट होती. ऑक्टोबर 2023 मध्ये घटना न्यायालयाने तिला अपवाद काढला आणि तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांचे 36 वर्षांचे चिरंजीव उपाध्यक्षपदाला उभे राहू शकले. सरन्यायाधीश राष्ट्राध्यक्षांचे मेहुणे होते. नंतर त्यांना सरन्यायाधीशपद सोडावं लागलं, पण निकाल तसाच राहिला.

पक्ष आपला उमेदवार कसा ठरवतो?

बऱ्याच देशांत पक्षश्रेष्ठी ठरवतात आणि कार्यकर्ते माना डोलावतात. अमेरिकेतही पूर्वी तसंच होतं. 1968 मध्ये ह्युबर्ट हम्फ्री यांनी एकाही राज्याची प्राथमिक निवडणूक (पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी होणारं मतदान) न लढता डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळवली. शिकागोच्या अधिवेशनात आत गोंधळ झाला, बाहेर पोलिसांच्या लाठ्या चालल्या. त्यानंतर नियम बदलले आणि राज्याराज्यांतल्या प्राथमिक निवडणुका निर्णायक ठरू लागल्या. याचीही किंमत आहे. प्राथमिक फेरीत मत देतात ते पक्षाचे कट्टर समर्थक, म्हणून उमेदवार आधी त्यांच्या तालावर बोलतो आणि उमेदवारी मिळाली की मध्याकडे सरकतो. वर्षभरापूर्वीच्या भाषणाची चित्रफीत मग विरोधक काढतात.

मोठ्या सभा सोडल्या तर प्रचारात रोज नेमकं काय चालतं?

याद्या. मतदारयादी हाच प्रचाराचा कणा. अमेरिकेत स्वयंसेवक मोबाइलवर पत्ते घेऊन दारोदार फिरतो आणि प्रत्येक घरापुढे 1 ते 5 पैकी एक आकडा टाकतो. 1 म्हणजे आपला पक्का, 5 म्हणजे समोरच्याचा पक्का. पाचाच्या दारी पुन्हा कोणी जात नाही. तीनवाल्याशी बोलायला अनुभवी माणूस पाठवतात. एक आणि दोनला फक्त एवढंच विचारायचं: मतदानाला कधी जाणार, कसे जाणार? मतदानाच्या दिवशी कोण येऊन गेलं याची नोंद मिळत राहते आणि जे आले नाहीत त्यांना फोन सुरू होतात.

मन वळवणं फार थोड्यांच्या बाबतीत जमतं. आपल्याला मानणारा माणूस घरातून बाहेर काढणं हे कष्टाचं काम, आणि निकाल त्यावर फिरतो. ब्राझीलमध्ये मतदान सक्तीचं आहे, 18 ते 70 वयाच्या साक्षर नागरिकांना. तिथे बाहेर काढण्यापेक्षा मन वळवण्यावर जोर द्यावा लागतो.

पैसा कुठून येतो आणि किती चालतो?

अमेरिकेत उमेदवाराला थेट देणगीवर मर्यादा आहे, पण 2010 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर कंपन्या आणि संघटना उमेदवाराशी संगनमत न करता स्वतंत्रपणे हवा तेवढा खर्च करू शकतात. ‘संगनमत न करता’ हे सिद्ध करणं किंवा खोडणं किती अवघड आहे, ते सांगायला नको.

फ्रान्स दुसऱ्या टोकाला. पहिल्या फेरीपुरता खर्च सुमारे 1 कोटी 68 लाख युरोपर्यंत, कंपन्यांच्या देणग्या बंद, टीव्हीवर पैसे देऊन राजकीय जाहिरात बंद. पहिल्या फेरीत 5 टक्के मतं ओलांडली तर जवळजवळ निम्मा खर्च सरकार परत देतं. 2022 मध्ये मातब्बर पक्षाच्या उमेदवार व्हॅलेरी पेक्रेस 4.78 टक्क्यांवर अडकल्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं की आपल्यावर वैयक्तिक 50 लाख युरोंचं कर्ज आहे, मदत करा. ब्राझीलमध्ये कंपन्यांच्या देणग्या 2015 मध्ये न्यायालयाने बंद केल्या. टीव्ही-रेडिओवर पक्षांना मोफत वेळ मिळतो, पण संसदेत ताकद जास्त त्याला वेळ जास्त, म्हणून आघाड्या करताना मिनिटांचीही घासाघीस होते.

उमेदवारांच्या वादचर्चांनी निकाल बदलतो का?

क्वचित. बहुतेक प्रेक्षक आपापल्या उमेदवाराला शाबासकी द्यायलाच बसलेले असतात. 26 सप्टेंबर 1960 ची केनेडी-निक्सन चर्चा सुमारे 7 कोटी लोकांनी टीव्हीवर पाहिली आणि दवाखान्यातून नुकतेच बाहेर आलेले, मेकअपला नकार देणारे निक्सन थकलेले दिसले. पण केनेडी जिंकले ते अगदी निसटत्या फरकाने, त्याचं सगळं श्रेय त्या संध्याकाळीला देणं जास्तच होईल. 27 जून 2024 ची चर्चा मात्र अपवाद. जो बायडेन तिथे इतके अडखळले की महिन्याभराच्या आत त्यांनी उमेदवारीच सोडली.

जनमत चाचण्यांवर किती विसंबावं?

नमुना कसा घेतला ते आधी बघावं, किती मोठा ते नंतर. 1936 मध्ये ‘लिटररी डायजेस्ट’ या अमेरिकी साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना पत्रं पाठवली, वीस लाखांहून जास्त उत्तरं आली आणि आल्फ लँडन जिंकणार असं छापलं. रूझवेल्ट यांनी 48 पैकी 46 राज्यं जिंकली. पत्ते टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतले होते, म्हणजे मंदीच्या काळातले खाऊन-पिऊन सुखी लोक. शिवाय उत्तर पाठवण्याची तसदी घेतली ती रूझवेल्टवर चिडलेल्यांनी जास्त. जॉर्ज गॅलप यांनी त्याच वेळी त्याहून कितीतरी लहान पण तोलून घेतलेल्या नमुन्यावर बरोबर कौल सांगितला.

प्रत्यक्ष मत कसं देतात?

बहुतेक ठिकाणी कागदावर. ब्राझीलमध्ये 1996 पासून यंत्र आलं. उमेदवाराचा क्रमांक दाबला की फोटो दिसतो, मग हिरवं बटण. पण सर्वांत देखणी सोय गांबियाची. प्रत्येक उमेदवाराच्या रंगाचं, त्याचा फोटो लावलेलं पत्र्याचं पिंप आणि मतदाराच्या हातात काचेची एक गोटी. गोटी नळीतून आत सोडली की घंटा वाजते. बाहेर बसलेल्या अधिकाऱ्याने दोनदा घंटा ऐकली तर समजायचं, काहीतरी गडबड आहे. मोजायला खळगे पाडलेले ट्रे असतात. अक्षरओळख नसलेल्या मतदारासाठी केलेली ही युक्ती. 2016 मध्ये याच गोट्यांनी 22 वर्षं सत्तेवर असलेल्या याह्या जामे यांना हरवलं. आधी त्यांनी हार मान्य केली, मग शब्द फिरवला. शेजारी देशांच्या फौजा सीमेवर आल्यावर देश सोडला.

निकाल मान्य नसेल तर निवडणूक पुन्हा घेता येते?

येते, पण न्यायालयाला ठोस कारण लागतं. केनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2017 ला राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक रद्द केली, मलावीत 2020 मध्ये तेच झालं आणि फेरमतदानात विरोधी उमेदवार जिंकला. ऑस्ट्रियात 2016 साली सुमारे 31 हजार मतांचा फरक होता. टपाली मतांचे लिफाफे काही ठिकाणी वेळेआधी आणि अधिकार नसलेल्यांनी उघडले होते. घोटाळा झाल्याचा पुरावा नव्हता, पण नियम मोडले होते; न्यायालयाला तेवढं पुरलं. फेरमतदान ऑक्टोबरमध्ये ठरलं, तर नव्या लिफाफ्यांचा डिंकच सुटायला लागला आणि तारीख डिसेंबरवर गेली. अलेक्झांडर व्हान डेर बेलेन पुन्हा जिंकले, पहिल्यापेक्षा मोठ्या फरकाने.

जिंकल्या दिवशीच सत्ता मिळते का?

नाही. अमेरिकेत मतदान नोव्हेंबरात आणि शपथ 20 जानेवारीला. 1937 पूर्वी तर 4 मार्चपर्यंत थांबावं लागे. फ्रान्समध्ये पंधरवड्याच्या आसपास उरकतं. मेक्सिकोत 2024 मध्ये जूनला निवडून आलेल्या क्लॉडिया शाइनबाम यांनी 1 ऑक्टोबरला सूत्रं घेतली.

एकच माणूस किती वेळा राष्ट्राध्यक्ष होऊ शकतो?

मेक्सिकोत सहा वर्षं, दक्षिण कोरियात पाच, एकदाच. अमेरिकेत 1951 पासून दोनदाच निवडून येता येतं. फ्रान्स आणि ब्राझीलमध्ये सलग दोनदा, मध्ये खंड पडला तर पुन्हा उभं राहता येतं. ब्राझीलचे लुला 2022 मध्ये तिसऱ्यांदा आले ते असे. भारतात मर्यादा नाही, तरी दोन वेळा निवडून आले ते फक्त राजेंद्र प्रसाद.

मुदत संपण्याआधी पद रिकामं झालं तर?

अमेरिकेत उपाध्यक्ष उरलेली पूर्ण मुदत चालवतो, नवी निवडणूक नाही. फ्रान्समध्ये सिनेटचे अध्यक्ष तात्पुरता कारभार पाहतात आणि 20 ते 35 दिवसांत पहिली फेरी होते. 1974 मध्ये राष्ट्राध्यक्ष पाँपिदू यांचं 2 एप्रिलला निधन झालं आणि 5 मेला मतदान झालं. भारतात उपराष्ट्रपती काम पाहतात आणि सहा महिन्यांत निवडणूक घ्यावी लागते. मे 1969 मध्ये झाकीर हुसेन पदावर असताना वारले तेव्हा उपराष्ट्रपती गिरी कामकाज पाहू लागले, पण त्यांना स्वतःलाच उभं राहायचं होतं म्हणून त्यांनी राजीनामा दिला. दोन्ही पदं रिकामी. मग सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी महिनाभर राष्ट्रपतिपद सांभाळलं.